याकोब जागा झाल्यावर

आजचा वाचनभाग : उत्पत्ती २८:१०-२२



उपासना संपली की कुणीतरी हळूच बाजूला येऊन विचारतं, "काल रात्री असं असं स्वप्न पडलं, याचा अर्थ काय असेल हो?" कुणाला पाणी दिसलेलं असतं, कुणाला साप, कुणाला वारलेली आई. विचारणाऱ्याच्या आवाजात उत्सुकता कमी आणि भीती जास्त असते. काही जण तर तेवढ्यावरून मुलीचं जुळत आलेलं लग्न थांबवतात, काही जण प्रवास रद्द करतात. म्हणून आज स्वप्नांवरच मनन करू या.

बायबलमधली स्वप्नं एकदा एका वहीत क्रमाने लिहून काढा. अबीमलेख, याकोब, लाबान, योसेफ, फारोचा प्यालेबरदार आणि आचारी, खुद्द फारो. हे सगळे एकट्या उत्पत्तीत. पुढे शास्ते ७ मधला मिद्यानी शिपाई, ज्याच्या स्वप्नात जवाची भाकर गडगडत येऊन तंबू पाडते. गिबोनात शलमोन. बाबेलात नबुखद्नेस्सर आणि दानीएल. मत्तयात मरीयेचा योसेफ, मागी लोक आणि शेवटी पिलाताची बायको. यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यांतले कितीतरी लोक देवाच्या निवडलेल्या प्रजेतले नाहीतच. परका राजा, शत्रूचा शिपाई, तुरुंगातला आचारी, रोमी सुभेदाराची बायको! म्हणजे स्वप्न पडलं म्हणून माणूस मोठा विश्वासी ठरतो, असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. "मला प्रभूने स्वप्नात दाखवलं" असं सांगून मंडळीत वजन वाढवणाऱ्यांनी ही यादी जरूर वाचावी.

आता आजच्या भागाकडे. याकोब बैर-शेब्याहून हारानला निघालाय. निघालाय कसला, पळालाय. आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद लाटला आणि आता एसाव जीव घ्यायला टपलाय. सूर्य मावळला, आसपास कुणाचं घर नाही, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजला. अशा माणसाला परमेश्वराने काय दाखवायला हवं होतं? तुम्हीआम्ही असतो तर आधी त्याच्या फसवणुकीचा हिशोब काढला असता. देवाने तसा एक शब्दही काढला नाही. पृथ्वीवर टेकलेली आणि आभाळाला भिडलेली शिडी दाखवली, तिच्यावरून चढणारे-उतरणारे दूत दाखवले, आणि सोबत राहण्याचं, परत आणण्याचं वचन दिलं.

'शिडी' म्हणून इथे जो हिब्रू शब्द आहे, सुल्लाम, तो अख्ख्या जुन्या करारात या एकाच ठिकाणी येतो. यहूदी शास्त्री या भागावर शेकडो वर्षं थांबून थांबून विचार करत आले. त्यांनी विचारलं, दूत स्वर्गातले, मग मजकुरात आधी 'चढणारे' आणि मग 'उतरणारे' का? अकराव्या शतकातल्या राशी या फ्रान्समधल्या भाष्यकाराने याचं उत्तर असं दिलं की याकोबाला इथवर सोबत करणारे त्या देशाचे दूत वर गेले आणि परदेशात त्याला सांभाळणारे खाली आले. घर सोडून जाणाऱ्याला हे किती धीराचं! आपल्या खामगावातून पुण्याला, मुंबईला, सुरतेला कामासाठी गेलेली मुलं ज्यांच्या घरची आहेत, त्यांनी हे वचन उराशी धरावं.

दुसरा प्रश्न त्यांनी दगडांविषयी विचारला. वचन ११ मध्ये त्याने तिथल्या धोंड्यांपैकी उशाला घेतल्याचं आहे, आणि वचन १८ मध्ये एकच धोंडा उभा केल्याचं. मग बाकीचे कुठे गेले? त्यावर त्यांच्या जुन्या कथांमध्ये असं येतं की दगडांमध्ये भांडण लागलं, नीतिमानाचं डोकं माझ्यावर टेकावं म्हणून, आणि देवाने त्या सगळ्यांचा मिळून एक दगड केला. ही शास्त्रातली गोष्ट नाही, मागाहून आलेली गोड कथा आहे. पण इतक्या बारकाईने वचन वाचणारे लोक पाहिले की आपल्या घाईघाईच्या वाचनाची लाज वाटते.

मला या भागात सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते वचन १६ नंतर. याकोब जागा होतो. घाबरतो. आणि स्वप्नाचा अर्थ विचारायला कुणाकडेही जात नाही. पहाटे उठून तोच उशाचा धोंडा उभा करतो, त्यावर तेल ओततो, जागेला नाव देतो, नवस करतो. नवसात मागतो काय, तर खायला अन्न आणि अंगावर वस्त्र, आणि सुखरूप परत येणं. आणि जे मिळेल त्याचा दशमांश द्यायचं कबूल करतो. रात्रीचं स्वप्न सकाळी एक दगड, एक नाव आणि एक शब्द झालं. लूज या गावाला त्याने बेथेल म्हटलं, म्हणजे देवाचं घर.

आता हे नाव घेऊन आपल्या महाराष्ट्रात या. कोकणात बेने इस्राएल नावाचा यहूदी समाज आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत आठवण आहे. पुस्तकं, पोथ्या सगळं समुद्रात गेलं. हे लोक घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. आडनावंही गावांवरून, आपल्यासारखीच: पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर. मराठी हीच त्यांची मायबोली. इतकी की पुढे इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावरही त्यांनी 'मायबोली' याच नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

या समाजाची सभास्थानं कोकणात गावोगावी आहेत. त्यांची नावं पाहा. रेवदंड्याचं सभास्थान १८४२ चं, नाव बेथ एल. पनवेलचं १८४९ चं, तेही बेथ एल. पेणचं १८६३ चं, नाव बेथ हा-एलोहीम. ठाण्याचं १८७९ चं, नाव शाआर हाशामाइम. आता उत्पत्ती २८ चं वचन १७ हिब्रूत वाचणारा माणूस चटकन हसेल. याकोब जागा झाल्यावर जे बोलला त्यात 'बेथ एलोहीम', देवाचं घर, हे शब्द आहेत आणि लगेच पुढे 'शाआर हाशामाइम', स्वर्गाचं दार, हे शब्द आहेत. दोन वचनं पुढे गेलं की 'बेथ एल'. म्हणजे रेवदंडा, पनवेल, पेण आणि ठाणे ही चार गावं मिळून त्या एका सकाळचं बोलणं पूर्ण होतं. अशी नावं जगभरातल्या सभास्थानांना असतात हे खरं, आपल्याकडेही बेथेल नावाच्या मंडळ्या आहेतच. पण ज्यांच्या आठवणीची सुरुवातच किनाऱ्यावर फेकलं जाण्यापासून होते, त्यांच्या दारावर हे नाव वेगळं वाटतं. याकोबही रात्री असाच मोकळ्या हाताने कुठेतरी येऊन पडला होता.

शेगाव किंवा जलंबहून मुंबईची गाडी धरली की कल्याणनंतर ठाणं लागतं. आपल्यातले कितीतरी जण तिथून गेलेत. स्टेशनापासून फार लांब नाही ते, सिव्हिल हॉस्पिटलजवळ. पुढच्या वेळी गाडी ठाण्यात थांबली की एवढं आठवा, या गावात 'स्वर्गाचं दार' नावाची एक इमारत दीडशे वर्षांच्या आसपास उभी आहे. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. घरं सोडली, सभास्थानं सोडली. याकोबानेही बेथेल दुसऱ्याच दिवशी सोडलं होतं. दगड मात्र तिथेच राहिला.

याकोबाने दगड उभा केला, या लोकांनी दारावर नाव लिहिलं, आणि त्यांच्याच काही भाऊबंदांनी भिंतींवर आणि पोथ्यांमध्ये चित्रं काढली. इथे तुम्ही विचाराल, दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्ती करू नका असं असताना यहूदी लोक चित्रं काढतात? मलाही हा प्रश्न बरेच दिवस होता. उत्तर सीरियात सापडलं. फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं जुनं शहर आहे. तिथे १९३२ मध्ये जमिनीखालून एक सभास्थान निघालं, इ. स. २४४-२४५ च्या सुमाराचं, चारही भिंती चित्रांनी भरलेल्या! शत्रू चालून येत होता म्हणून शहराचा तट मजबूत करायला लोकांनी भिंतीलगत माती भरली, त्या मातीत हे सभास्थान पुरलं गेलं आणि त्यामुळेच चित्रं वाचली. आता ती दमास्कसच्या संग्रहालयात आहेत. त्यांत याकोबाचं स्वप्न आहे, यहेज्केलाचं वाळलेल्या हाडांचं खोरं आहे. बायबलातली बरीच माणसं तिथे इराणी पद्धतीच्या कपड्यांत दिसतात, कारण चित्रकारांनी आजूबाजूला तेच कपडे पाहिलेले. देवाला मात्र त्यांनी माणसासारखं काढलं नाही. जिथे देव काही करतो तिथे वरून फक्त एक हात येतो. आज्ञेचा मानही राखला आणि गोष्टही सांगितली.

पुढे चौदाव्या शतकात स्पेनमध्ये वल्हांडणाच्या पोथ्या सजवल्या गेल्या. हग्गादा म्हणतात त्यांना, त्या रात्री घरात सगळ्यांनी बसून वाचायच्या. १३२० च्या सुमाराची सोनेरी हग्गादा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. गोष्ट मिसरमधून सुटकेची, पण चित्रांची सुरुवात आदामापासून होते, आणि वाटेत याकोबाची शिडी आणि योसेफाची स्वप्नं येतात. ते बरोबरच आहे. योसेफाने पेंढ्यांचं आणि ताऱ्यांचं स्वप्न भावांना सांगितलं नसतं तर तो विकला गेला नसता, आणि विकला गेला नसता तर इस्राएल मिसरात गेलाच नसता.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. अॅमस्टरडॅममध्ये मनश्शे बेन इस्राएल नावाचे रब्बी होते. (नावावरून आपल्या बेने इस्राएलशी नातं जोडू नका, त्यांचं घराणं पोर्तुगालमधल्या छळातून पळून आलेलं.) त्यांनी १६५५ मध्ये स्पॅनिश भाषेत एक छोटं पुस्तक छापलं, नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातल्या दगडाविषयी. दानीएल २ आठवतं ना? सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पाय लोखंड आणि मातीचे, आणि कुणाचा हात न लागता सुटलेला एक दगड येऊन त्या पुतळ्याचा चुराडा करतो. मनश्शेंनी म्हटलं की याकोबाच्या उशाचा दगड, दाविदाच्या गोफणीतला दगड आणि हा पुतळा फोडणारा दगड, तिन्ही एकच. पुस्तकासाठी चार चित्रं काढून दिली रेम्ब्राँटने, जो स्वतः ख्रिस्ती आणि त्याच यहूदी वस्तीत राहणारा. पुतळा, याकोबाची शिडी, दावीद आणि गल्याथ, आणि दानीएलाला दिसलेले चार पशू. शेवटच्या चित्रात रेम्ब्राँटने देवाची आकृतीही काढली होती. या पुस्तकाच्या काही प्रतींत त्याच्या चित्रांऐवजी त्याच प्रसंगांची दुसऱ्या हाताची चित्रं आहेत, आणि त्यांत देवाची आकृती गाळलेली आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या दुरातल्या भिंतीवर जो संकोच होता, तोच इथेही!

तीन दगड एकच, हे मनश्शेंचं म्हणणं अक्षरशः घ्यायचं की नाही हा वेगळा विषय. पण घरदार सोडून पळालेल्या लोकांचा रब्बी पळणाऱ्या याकोबाच्या उशाशी साम्राज्यं पाडणारा दगड पाहतो, हे वाचून मी तरी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आपल्या मराठीतही अशी एक पोथी आहे. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हग्गादा, हिब्रूसोबत मराठी. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. दुराच्या भिंतीवर इराणी कपडे, पुण्याच्या पोथीत साडी. आणि बेने इस्राएलांच्या घरात गेलात तर भिंतीवर बहुधा एक तसबीर दिसेल: अग्निरथातून वर जाणारा एलीया संदेष्टा. मनातली गोष्ट पार पडली, परीक्षा पास झाली, लग्न ठरलं की ते एलीयाच्या नावाने मलिदा करतात. गोडसर पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि देवाचे आभार. याकोबाने खाण्यापिण्याचा नवस केला होता, त्याचीच ही कोकणातली चव म्हणायला हरकत नाही.

आता पुन्हा त्या घाबरलेल्या माणसाकडे येऊ, जो "याचा अर्थ काय" विचारतो. यिर्मया २३ काढा. संदेष्टे म्हणवणारे लोक उठसूट "मला स्वप्न पडलं" म्हणत होते आणि लोकांना भुलवत होते. परमेश्वराने त्यांना स्वप्न सांगायची मनाई केली नाही. ज्याला स्वप्न पडलं त्याने ते स्वप्न म्हणून सांगावं, आणि ज्याच्याजवळ वचन आहे त्याने वचन प्रामाणिकपणे सांगावं, असा त्याचा अर्थ आहे, आणि पुढे भूस आणि गव्हाचा दाखला आहे. आपल्याकडे कापसाचा व्यापार, म्हणून मी सरकी आणि रुई म्हणतो. दोन्ही एकाच बोंडातून येतात. पण जिनिंगमध्ये गेल्यावर वेगळी करावीच लागतात, आणि सरकीला रुईचा भाव कुणी देत नाही. एखाद्या भावाने "मला स्वप्नात दिसलं, तुझ्या मुलीचं लग्न अमुक घरी कर" किंवा "एवढे पैसे अमुक सेवेला दे" असं सांगितलं तर ते त्याचं स्वप्न आहे, एवढंच समजा. वचनाशी ताडून पाहा. घाई करू नका. अशा सांगण्यावरून कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते कर्ज फेडायला स्वप्न सांगणारा आला नाही.

वाईट स्वप्नाने छातीत धस्स झालेल्यासाठी यहूदी लोकांची एक जुनी रीत मला फार माणुसकीची वाटते. तालमूदमध्ये ती आहे. ज्याला वाईट स्वप्न पडलं त्याने आपल्या तीन जवळच्या माणसांना बोलवायचं, त्यांच्यासमोर बसायचं, आणि त्या तिघांनी मिळून त्याला सांगायचं की हे चांगलंच ठरो, देव ते चांगलंच करो. बस. त्यात कुणी तज्ज्ञ नाही, फी नाही, उतारा नाही. तीन मित्र आणि आशीर्वाद. आपल्या घरगुती प्रार्थनासभेत हे सहज होऊ शकतं. घाबरलेल्या बहिणीला अर्थ सांगू नका, तिघी मिळून तिच्याजवळ बसा आणि स्तोत्र ९१ वाचा.

उद्याच्या गोष्टींची भीती शेतकऱ्याला तर जास्तच. आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. ऐकायला लांबून लोक येतात. त्यांना हसण्याचं कारण नाही. ज्याचं सगळं वर्ष आभाळावर टांगलेलं आहे तो पुढचं विचारणारच, आणि फारोनेही तेच विचारलं होतं. पण उत्पत्ती ४१ मध्ये योसेफाचं उत्तर कुठपर्यंत जातं ते पाहा. सात पुष्ट गाई, सात रोड गाई, याचा अर्थ त्याने थोडक्यात सांगितला. मग कुणी न विचारता तो पुढे बोलत राहिला: शहाणा माणूस नेमा, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य काढून ठेवा, ते नगरानगरांत साठवा. फारोने नेमलं ते योसेफालाच. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता आणि सकाळपर्यंत कैदी होता. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये पेव असायचं, कणगी असायची. योसेफाने मिसरभर तेच केलं. भाकीत खरं ठरलं म्हणून लोक वाचले नाहीत, कोठारं भरली होती म्हणून वाचले.

आणि ही सवय त्या नावातच असावी! मत्तय १ मधला योसेफ, तोही स्वप्न पाहणारा, तोही मिसरला जाणारा, आणि वंशावळ नीट वाचलीत तर त्याच्याही बापाचं नाव याकोब. मत्तयाने त्याच्या तोंडी एकही शब्द दिलेला नाही. तो झोपेतून उठतो आणि मरीयेला घरी आणतो. उठतो आणि रातोरात बाळाला आणि आईला घेऊन निघतो. पुन्हा उठतो आणि परत येतो. शिडीचं काय झालं हे योहान १:५१ मध्ये प्रभू येशू नथनेलाला सांगतो, तिथे दूत मनुष्याच्या पुत्रावर चढताना-उतरताना दिसणार आहेत. त्यावर परवा सविस्तर बोलू.

उद्याचा वाचनभाग : उत्पत्ती ४१:१-४९. वचन ३३ पासून पुढे जरा सावकाश वाचा, आणि ज्यांच्या घरी यंदाचं बियाणं, मुलांची फी किंवा दवाखान्याचा खर्च यांची चिंता आहे त्यांनी शेजारी एक कोरा कागद ठेवा.